फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत



३१ मे हा बालसाहित्यिक भा. रा. भागवत यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १९१० साली झाला, तो पुण्या-मुंबईस नव्हे तर इंदूरला. म्हणजे ते आपल्याच भागातले!

मुलांसाठी १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' मासिक काढले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत सफरी मराठीत आणल्या. पण मुलांच्या मनात घर केले ते बनेश ऊर्फ फास्टर फेणे याने. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल दामटतो, नको तिथे नाक खुपसतो आणि मधूनच तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढतो. गोष्ट थांबवून उपदेश करण्याची भागवतांना फारशी सवय नाही. मला वाटते, मुले त्यांना म्हणूनच सोडत नाहीत. २००१ साली भागवत गेले; फेणे मात्र २०१७ साली सिनेमातही आला.

आपल्या घरांतून मराठी बोलली जाते, पण वाचन हिंदी किंवा इंग्रजीत होते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे अडचण कुठे येते ते ठाऊक आहे. लिपी तीच असते, अडतो तो शब्द. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण; मराठीत शिक्षा म्हटले की छडी आठवते! हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीतली म्हणजे थट्टा. 'संसार' हिंदीत सारे जग असते, मराठीत घरातली भांडीकुंडी. असे शब्द पाठ करवून येत नाहीत. चोर पुढे आणि फेणे मागे धावत असला की मूल शब्दाशी न अडखळता पुढे जाते, आणि दोन पानांनंतर अर्थ आपोआप कळतो.

पालकांनी 'वाच' म्हणून मागे लागू नये. रोज रात्री दहा मिनिटे स्वतः मोठ्याने वाचावे आणि ऐन रंगात पुस्तक मिटून ठेवावे. उरलेले मूल स्वतः वाचील. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. त्यांचा 'ळ' आपल्यापेक्षा शुद्ध असतो.

जुलैपासून शनिवारचा शेवटचा पीरियड पाचवी ते आठवीसाठी मराठी गोष्टींचा राहील. त्यावर परीक्षा नाही. विश्वस्त मंडळास विनंती की वाचनालयात फास्टर फेणेचा पूर्ण संच घ्यावा. माळ्यावरच्या पेटीत जुनी मराठी पुस्तके असतील तर रद्दीत देण्यापूर्वी कृपया शाळेत पाठवावीत. फाटकी असली तरी चालतील, बाइंडिंग आम्ही करून घेऊ.

— प्राचार्य