स्वस्त ग्राफिक्स कार्डाची अकरा वर्षं

फेब्रुवारी २०१४मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय हे कार्ड १४९ डॉलरला बाजारात आलं. ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर होता, त्यांच्यासाठी ही मोठी बातमी होती, आणि ती वेगापेक्षा विजेची होती. हे कार्ड ६० वॅटवर चालायचं. मदरबोर्डवरचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट स्वतःच ७५ वॅटपर्यंत वीज देतो, त्यामुळे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून कार्डाला वेगळी वायर जोडावी लागत नव्हती. बंद पडलेलं कार्ड काढायचं, हे बसवायचं, ड्रायव्हर टाकायचा, की मशीन चालू.

आपल्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनसाठी याचं मोल फार होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा तालुक्याच्या गावातल्या असेंबलरकडून बांधून घेतलेल्या स्वस्त मशीनमध्ये एसएमपीएस बहुधा कॅबिनेटबरोबरच आलेला असायचा. त्यावर ४५० वॅट असं छापलेलं असायचं. पण कार्डाला लागणारी सहा पिनांची वायर बऱ्याचदा नसायचीच, आणि १२ व्होल्टच्या लाइनची ताकद छापलेल्या आकड्याच्या बरीच खाली असायची. अशा मशीनमध्ये दीडशे वॅटचं कार्ड बसवलं की खेळ ऐन रंगात असताना मशीन बंद पडायचं, आणि दोष बिचाऱ्या कार्डाला लागायचा. थोड्या पैशांत कुठलं कार्ड घ्यावं याचं उत्तर आधी कॅबिनेट उघडून शोधावं लागतं, असं मी तेव्हापासून मानत आलो आहे. पुढच्या अकरा वर्षांत बाजाराने ते पुन्हा पुन्हा दाखवून दिलं.

या सगळ्या काळातलं सोन्यासारखं वर्ष म्हणजे २०१६. जूनअखेर एएमडीने आरएक्स ४८० आणलं, चार जीबीचं १९९ डॉलरला. जुलैत एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० आलं, ऑगस्टमध्ये आरएक्स ४७० आणि ४६०, ऑक्टोबरमध्ये जीटीएक्स १०५० आणि १०५० टीआय. चार महिन्यांत साधारण ११० ते २५० डॉलरच्या टप्प्यात प्रत्येक खिशाला परवडेल असं काहीतरी नवं उभं राहिलं. चिपा कित्येक वर्षं २८ नॅनोमीटरवर अडकून पडल्या होत्या, त्या आता १६ आणि १४ नॅनोमीटरवर उतरल्या होत्या, म्हणून तेवढ्याच विजेत पहिल्यापेक्षा खूप जास्त काम होऊ लागलं. दोन कंपन्या एकाच गिऱ्हाइकासाठी झगडत होत्या, आणि ते गिऱ्हाईक पंधरा हजारांच्या आतलं होतं. हे त्यानंतर फार क्वचित घडलं.

१०५० टीआय त्या वेळी बारा-तेरा हजारांना मिळायचं. चार जीबी मेमरी, ७५ वॅट, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर नाही. गेम खेळणाऱ्या मुलांनी ते घेतलंच, पण लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या छोट्या स्टुडिओंनी आणि थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनीही घेतलं. ज्यांनी त्या कार्डावर पाच-सहा वर्षं पोट भरलं अशी माणसं मला माहीत आहेत. म्हणूनच या किमतीच्या कार्डांकडे किरकोळ माल म्हणून पाहिलं जातं, तेव्हा मला राग येतो.

बारीक अक्षरांची फसगतही त्याच वर्षी वाढीला लागली. ऑगस्ट २०१६मध्ये जीटीएक्स १०६०ची तीन जीबीची आवृत्ती निघाली. नाव तेच होतं आणि फरक फक्त मेमरीचा वाटत होता. प्रत्यक्षात आतले कोअरही १२८०वरून ११५२वर आले होते. पुढच्या वर्षी आरएक्स ५६०च्या काही कार्डांत १०२४ऐवजी ८९६ कोअर निघाले आणि खोक्यावर नाव मात्र तेच राहिलं. सर्वांत वाईट प्रकार अगदी गरीब गिऱ्हाइकाच्या वाट्याला आला. जीटी १०३० हे २०१७चं साधं, पण प्रामाणिक कार्ड होतं. २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती आली, तिची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्याही खाली गेली आणि गेममधला वेग जवळपास निम्मा झाला. आठ-दहा रुपयांचा हिशोब करून सहा-सात हजार जमवणाऱ्याला हे दुकानात कोण सांगणार होतं? म्हणून कार्ड घेताना नावाच्या पुढे जाऊन मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि कोअरची संख्या या तीन गोष्टी खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर वाचाव्यातच.

२०१७च्या मध्यापासून इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगने पहिला दणका दिला आणि आरएक्स ५७०, ५८० दुकानांतून गायब झाली. ती लाट वर्षभरात ओसरली. २०१९मध्ये तेच आरएक्स ५७० दहा-बारा हजारांत मिळू लागलं, आणि ज्याच्याकडे चांगला एसएमपीएस होता त्याच्यासाठी पैशाला इतकं पुरून उरणारं दुसरं कार्ड मी पाहिलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेलं जीटीएक्स १६५० त्याहून मंद होतं, पण ७५ वॅटचं होतं. शेवटी निवड पुन्हा कॅबिनेटमधल्या वायरीवर येऊन ठेपली.

त्यानंतर आला तो दुष्काळ. २०२०च्या उत्तरार्धापासून २०२२च्या सुरुवातीपर्यंत टाळेबंदी, चिपांची टंचाई आणि मायनिंगची दुसरी लाट एकदमच अंगावर आली. १४९ डॉलरचं म्हणून निघालेलं जीटीएक्स १६५० आपल्याकडे वीस हजारांच्या पुढे गेलं. २०१६चं १०५० टीआय २०२१मध्ये पुन्हा बाजारात आलं आणि पाच वर्षं जुनं कार्ड नव्या असतानाच्या भावापेक्षा महाग विकलं गेलं. एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६०मध्ये मायनिंगचा वेग अडवणारा लगाम घातला. पण थोड्याच दिवसांत कंपनीच्याच एका बीटा ड्रायव्हरमधून तो चुकून सुटला. ज्यांचं कार्ड त्या दोन वर्षांत जळालं, त्यांना उपाय उरले दोनच. एक म्हणजे रायझन ५ ५६००जीसारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर. पण त्यासाठी अनेकांना मदरबोर्डही बदलावा लागायचा. दुसरा म्हणजे जुन्या कार्डावर ग्राफिक्सची सेटिंग कमी करून दिवस ढकलणं. त्यात जून २०२१मध्ये एएमडीने एफएसआर हे तंत्र आणलं. कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र ते मोठं करून दाखवतं, आणि एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही ते चालत होतं. प्रतिस्पर्ध्याचं पाच वर्षं जुनं कार्ड वापरणाऱ्यालाही ज्याचा फायदा मिळाला, असं हे काम होतं, आणि त्याची मनापासून कदर करायला हवी.

जानेवारी २०२२मध्ये टंचाईवर उतारा म्हणून १९९ डॉलरचं आरएक्स ६५०० एक्सटी आलं. त्याची चिप मुळात लॅपटॉपसाठी आखलेली होती. त्यामुळे मेमरी चारच जीबी, बस ६४ बिटांची, व्हिडिओ एन्कोड करणारा भाग नाहीच, आणि स्लॉटशी बोलायला सोळाऐवजी फक्त चार लेन. नव्या मदरबोर्डवर चौथ्या पिढीचं पीसीआय एक्सप्रेस असल्याने चार लेन कशाबशा पुरायच्या. जुन्या मदरबोर्डवर, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये, त्यांची क्षमता निम्मी व्हायची आणि मेमरी भरली की वेग धाडकन खाली यायचा. म्हणजे बंद पडलेल्या कार्डाच्या जागी स्वस्त कार्ड शोधणारा माणूस, ज्याच्याकडे जुनाच मदरबोर्ड असणार, त्याच्याच मशीनमध्ये हे कार्ड सर्वांत वाईट चालत होतं. एन्कोडर नसल्यामुळे व्हिडिओवाल्यांच्याही ते उपयोगाचं नव्हतं. या अकरा वर्षांत मी कुणाला ठामपणे नको म्हटलं असेल तर ते या कार्डाला.

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड हा समज मला पटत नाही. कायम एकाच तापमानावर चाललेली चिप सहसा टिकते. झिजतात ते पंखे, थर्मल पॅड आणि वाळलेली पेस्ट. मात्र बायॉस बदललेला असू शकतो, आणि मुळात चीनच्या बाजारासाठी काढलेलं २०४८ कोअरचं आरएक्स ५८० म्हणजे खरं तर ५७०च असतं. म्हणून विकणाऱ्याच्या घरी जाऊन कार्ड मशीनमध्ये लावावं, जीपीयू-झेडमध्ये कोअरची संख्या पाहावी, अर्धा तास पूर्ण भार देऊन स्क्रीनवर ठिपके किंवा रेषा येतात का ते बघावं आणि मगच पैसे मोजावेत. वॉरंटी बिलावर आहे की सिरियल नंबरवर, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

त्या काळात सर्वांत चांगलं सावरलं ते आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१मध्ये ३२९ डॉलरला आलं तेव्हा ते महागच वाटलं होतं. २०२३पर्यंत आपल्याकडे वीस-बावीस हजारांच्या आसपास उतरलं. आठ जीबी मेमरी, १३२ वॅट, आठ पिनांची एकच वायर. आठ लेन असल्याने जुन्या मदरबोर्डवरही फारसं नुकसान नाही. मात्र एसएमपीएस कामचलाऊ असेल तर चांगल्या एसएमपीएसचे तीन-चार हजार कार्डाच्या बजेटमधूनच बाजूला काढायला हवेत.

वेग पुरेसा असूनही कार्ड निकामी ठरू शकतं, हा या शेवटच्या वर्षांतला नवा त्रास. डिसेंबर २०२१च्या ब्लेंडर ३.० या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून ओपनसीएलची सोय काढून टाकली गेली आणि आरएक्स ५८०वर रेंडर करणाऱ्यांना पुन्हा प्रोसेसरवर यावं लागलं. २०२३च्या 'ॲलन वेक २'ला मेश शेडर लागत होते, जे १०६०कडे नव्हते. डिसेंबर २०२४च्या इंडियाना जोन्सच्या गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर अनिवार्य झालं, म्हणजे जीटीएक्स नावाची सगळीच कार्डं बाद. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये ७५० टीआय आणि १०५० टीआय या दोघांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबले; सुरक्षेचे तेवढे काही वर्षं मिळत राहतील.

किमतीचं गणित पाहिलं की मन विषण्ण होतं. २०१४मध्ये डॉलर ६२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे १४९ डॉलरचं कार्ड कर सोडून सव्वानऊ हजारांचं. जुलै २०२५मध्ये एनव्हिडियाच्या तेव्हाच्या पिढीतलं सर्वांत स्वस्त नवं कार्ड, आरटीएक्स ५०५०, २४९ डॉलरला आलं. ८६ रुपयांच्या डॉलरने आणि १८ टक्के जीएसटीने ते पंचवीस हजारांपर्यंत गेलं. दहा-पंधरा हजारांत आता नवी चिप येतच नाही, आणि त्या खिशातला विद्यार्थी बाजाराने सरळ वाऱ्यावर सोडला आहे.

तरीही कार्ड बदलायची वेळ येतेच. आज वायर नसलेला साधा एसएमपीएस असेल तर ७० वॅटचं, सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० हेच हाताशी राहतं, आठ जीबीच्या ३०५०पेक्षा त्यात कोअर कमी आहेत हे पक्कं ठाऊक ठेवून. एसएमपीएस चांगला असेल तर पारखून घेतलेलं वापरलेलं आरएक्स ६६०० पैसे वसूल करून देतं. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४मध्ये २४९ डॉलरला बारा जीबी मेमरीसह आलं आणि मोह पडावा असंच आहे; पण त्याला मदरबोर्डवर रिसायझेबल बार ही सोय लागते, आणि जुन्या रायझन ५ २६००सारख्या प्रोसेसरबरोबर ते बरंच मागे पडतं, हे जानेवारी २०२५मधल्या चाचण्यांत उघड झालं. चौथ्या किंवा सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर अजून काम चालवणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरी चिपांचे भाव वर चढू लागले, तेव्हा ज्यांचं कार्ड आत्ताच डिस्प्ले द्यायचं थांबलं आहे, त्यांनी भाव उतरायची वाट पाहण्यात महिने घालवू नयेत.