मोडी लिपी आणि तिचे वाचक

२०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या महसुली दप्तरांतील मजकूर लावण्यासाठी मोडी जाणकारांची शोधाशोध करावी लागली. मजकूर मराठीच होता. लिपी मात्र बहुतेकांना अनोळखी होती.

अनेक शतके मराठीचा व्यवहार दोन लिप्यांत चालत असे. पोथ्या ‘बाळबोध’ म्हणजे देवनागरीत, तर पत्रे, हिशेब आणि करारमदार मोडीत. लिहिणारा प्रथम कागदावर सलग शिरोरेषा ओढून घेई आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे गुंफत जाई. यामुळे वेग साधला जाई. परंतु दोन शब्दांत अंतर नसे, विरामचिन्हे नसत आणि इकार-उकारांतील ऱ्हस्व-दीर्घ भेदही बहुधा पाळला जात नसे. शब्द कोठे संपतो, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवावयाचे! वारसाहक्काच्या कागदात एखादे नाव चुकीचे लागले, तर दाव्याचा आधारच डळमळतो.

या लिपीचा वावर महाराष्ट्रापुरता नव्हता. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीची मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली प्रसिद्ध झाला, त्यातील मराठी शब्दही मोडीतच छापले होते.

पुढे छपाईस बाळबोध अधिक सोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. २०१४ मध्ये युनिकोडने तिचा समावेश केल्याने ती संगणकावर लिहिता येऊ लागली. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे घाईतले हस्ताक्षर लावणे हे मात्र अजूनही सरावलेल्या डोळ्यांचेच काम आहे.