अपंगाचा मदतनीस आणि मधला माणूस

आमचे निम्मे आयुष्य मालकाशी भांडण्यात गेले. आज मात्र आम्हांला एका मालकाची बाजू मांडावयाची आहे. हा मालक अंथरुणाला खिळलेला आहे. कूस बदलावयाची तरी त्याला दुसऱ्याचा हात लागतो. त्याला उठवणे, आंघोळ घालणे, शौचास नेणे, चाकाच्या खुर्चीत बसवून कचेरीत पोचवणे, एवढ्यासाठी त्याने पगारी मदतनीस ठेवला, तर तो मालक झाला की नाही?

आपल्याकडे हे काम आई, बायको नाहीतर बहीण करते आणि तिला मजुरी नसते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तीही उरत नाही. मग शाळेतली थोरली पोर घरी बसते. बरे, माणूस संस्थेत ठेवला तर त्याने केव्हा उठावे आणि केव्हा जेवावे हे संस्था ठरवते. अमेरिकेत बर्कले येथे १९७२ साली अपंगांनीच एक केंद्र काढले, ते याविरुद्ध. त्यांचे म्हणणे सोपे होते : हात दुसऱ्याचे असोत, हुकूम आमचा असावा. पुढे ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने सेवेऐवजी रोख रक्कम अपंगाच्या हाती देण्याची वाट मोकळी केली.

आपल्या देशाने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार २००७ साली मान्य केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात वैयक्तिक मदतनिसाचा उल्लेख आहे. २०१६ चा आपला कायदा आम्ही शेजारी कोश ठेवून वाचला. ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची योजना करावी, असे त्याचे चोविसावे कलम सांगते. परंतु ‘सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ हे शब्द आधी घालून. मजुराच्या हक्काची गोष्ट निघाली की तिजोरीची कुवत आठवते, हा आमचा जुना अनुभव.

आता मधल्या माणसाकडे वळू. पाटोद्याच्या श्रोत्यांना मुकादम समजावून सांगणे म्हणजे कोळ्याला जाळे दाखवणे. उचल देणारा तो, कोयता कोणत्या कारखान्यावर जाणार हे ठरवणारा तो, आणि हिशेबाची वहीही त्याच्याच बगलेत. शहरात रुग्ण सांभाळणाऱ्या बाया आणि मामा पुरवणारे ब्युरो असतात, त्यांतल्या काहींची तऱ्हा याहून निराळी नाही. आमच्या ओळखीची एक बाई अशा एका ब्युरोमार्फत लकवा झालेल्या गृहस्थांकडे कामाला होती. कोणत्या पायाला गोळा येतो, रात्री केव्हा कूस बदलायची, सारे तिला पाठ. ते रोजचे किती भरतात हे तिला ठाऊक नव्हते आणि तिच्या हाती किती पडते हे त्यांना. एके दिवशी दोघांनी आकडे ताडून पाहिले. आठवड्याच्या आत ब्युरोने तिला दुसऱ्या घरी धाडले. तिची ओळखीची रोजी गेली आणि त्यांच्या उशाशी परका माणूस येऊन बसला.

म्हणून मध्यस्थ नकोच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खाटेवरचा माणूस मदतनीस शोधायला कोठे हिंडणार? पगाराचा हिशेब कोण ठेवणार? मदतनीस तापाने पडला तर बदली कोण आणणार? हे काम कोणीतरी केलेच पाहिजे. प्रश्न एवढाच, की हा मध्यस्थ चिटणीस आहे की धनी? इंग्लंडच्या नियमाने हा भेद बरा ओळखला आहे. अपंगाने स्वतः नेमलेल्या मदतनिसाला तेथील देखरेख आयोगाकडे नोंदणी लागत नाही. नुसती गाठ घालून देऊन बाजूला होणाऱ्यालाही लागत नाही. जी संस्था आपली माणसे पाठवते आणि त्यांचे काम स्वतः चालवते, तिला मात्र ती लागते.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांचे कल्याण मंडळ दिले, पण ब्युरोला लगाम घातला नाही. छत्तीसगडने २०१३ साली माणसे पुरवणाऱ्या खाजगी संस्थांना परवाना सक्तीचा केला. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला.

नमुना शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. गोदीतल्या आणि बाजारातल्या हमालाला ठरलेला मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक, कामगार आणि सरकार यांचे मंडळ झाले. दोन्ही बाजूंची नोंद होऊ लागली. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची व मजुरी तेथून कामगाराला मिळायची. अशा मंडळात मदतनिसांची आणि बदल्यांची यादी राहिली, पगार सरकारी भत्त्यातून तेथेच जमा झाला, तर कोणाची कपात किती हे दोघांनाही दिसेल. एक फरक मात्र राखावाच लागेल. हमालांची टोळी मंडळ वाटून देऊ शकते. आंघोळ घालणारा माणूस असा वाटून देता येत नाही. तो निवडण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार अपंगाचाच. आमच्यातील काही सहकाऱ्यांना हे रुचत नाही. नाकारणे म्हणजे कामावरून काढणेच, असे ते म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच नाकारलेल्याचे नाव यादीत कायम राहावे, त्याला दुसरे घर मिळेपर्यंत काही आधार असावा आणि आठवड्याची सुट्टी व रात्रपाळीचा दर कागदावर असावा.

मंडळ होईल तेव्हा होईल. २०१६ च्या कायद्याच्या अडतिसाव्या कलमाखाली मोठ्या आधारासाठी अर्ज अपंगाला स्वतः करता येतो, तसाच त्याच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला किंवा संघटनेलाही करता येतो. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला मात्र हवा. ज्यांच्या घरी असे माणूस असेल त्यांनी दाखल्याची नक्कल घेऊन आमच्याकडे यावे. अर्ज आम्ही लिहून देऊ.