एका झाडाचे शंभर लाकूड

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ १९९९ साली आला, तेव्हा सायबर कॅफेतल्या पोरांचे सगळे लक्ष लढाईवर असे. किल्ला कधी पडतो, हत्ती कधी चालून येतात, आणि चीट कोड टाकला की मध्ययुगात गोळ्या झाडणारी मोटार कशी अवतरते! चाळिशीला टेकल्यावर तोच खेळ पुन्हा उघडला की नजर आपोआप गावकऱ्यांकडे जाते. निदान माझी तरी गेली.

या खेळात पाळीपाळीने डाव टाकायचा नसतो, सगळे एकाच वेळी चाललेले असते. तुम्ही विचार करत बसलात, तेवढ्यात समोरच्याच्या माणसांनी आणखी चार मोळ्या आणलेल्या असतात. अन्न, लाकूड, सोने आणि दगड यांवर सगळा कारभार. एक गावकरी तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. हात रिकामे असलेला गावकरी शोधायला वेगळे बटण आहे, आणि कसलेला खेळाडू ते सारखे दाबत असतो. गावकरी थांबला की कारभार अडतो, म्हणून मुरलेले खेळाडू किल्ल्यावर धडकत नाहीत, कामकरी माणसांवर आणि रसदेवर छापे घालतात. छाप्याचे हे गणित आपल्याला नवे नाही. शिवाजी महाराजांनी १६६४च्या जानेवारीत थेट सुरतेची पेठ गाठली, आणि त्या वाटेवर सह्याद्रीतल्या जव्हारच्या कोळी राज्याचे राजे विक्रमशहा यांची भेट झाल्याचे शिरपामाळ ही तिथली जागा आजही सांगते. पुढे १६७२ मध्ये जव्हार मोरोपंत पिंगळ्यांनी जिंकले. दोस्ती बदलत राहते, ते या खेळातही आहेच.

खेळातला मध्ययुगीन काळही जव्हार राज्याचाच. जव्हारच्या मुकणे घराण्यातल्या नेमशहाला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली ती १३४३ मध्ये. २०२२च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या पुरवणीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. सह्याद्रीतले कोळी राज्य काही आले नाही, आणि त्याची मला खरोखर खंत वाटते.

खेळ सर्वात तोकडा पडतो तो जंगलाच्या बाबतीत. तिथे एका झाडाचे शंभर लाकूड मिळते आणि झाड कायमचे जाते. शेत करायला ६० लाकूड लागते, पीक संपले की पुन्हा तेवढेच. शेतात लाकूड घालायचे ही कल्पना शहरी मुलाला विचित्र वाटते, जव्हार-मोखाड्यात मात्र ती वर्षानुवर्षांची रीत आहे. उन्हाळ्यात ऐन या झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि वर मातीचा थर रचून रोपांची जागा भाजतात, त्याला राब म्हणतात. धगीने तणाचे बी मरते, राखेने माती सकस होते, आणि पाऊस पडला की त्याच जागी नागली-वरईची, भाताची रोपे जोमाने उठतात. मग आवणी, म्हणजे त्या रोपांची लावणी. पिके निघाली की दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जगायला जातात. तसे गाव सोडून जाणे खेळातल्या गावकऱ्याच्या नशिबी नसते.

राबाचा ऐन मुळापासून तोडत नाहीत. फांद्या छाटतात, बुंधा राहतो, पुन्हा पालवी फुटते. इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्यात याच छाटणीवरून वनखाते आणि शेतकरी यांच्यात मोठा वाद पेटला होता. खात्याला झाडात इमारती लाकूड दिसे, शेतकऱ्याला पुढच्या वर्षीचा राब. खेळाचा हिशेब खात्यासारखाच आहे. त्याची नवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, चित्रे देखणी झाली, झाडे तशीच राहिली. पुढच्या खेपेला कर्त्यांनी गावकऱ्याला फक्त फांद्या छाटायचीही मुभा द्यावी.