इंग्रजी वाक्प्रचारांचा अभ्यास आणि मराठीचा आधार

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळावा, ही आकांक्षा आपल्या शाळेतील अनेक विद्यार्थी बाळगतात. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा देण्याची संधी लाभल्याने ती आता विद्यार्थिनींचीही आकांक्षा झाली आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या या लेखी परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. त्या ६०० पैकी २०० गुण एकट्या इंग्रजीचे. या भागात वाक्प्रचारांचे अर्थ विचारले जातात आणि मराठी माध्यमातील अनेक गुणी विद्यार्थी नेमके तेथेच अडखळतात.

याचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हे. व्याकरण नियमाने शिकता येते. वाक्प्रचाराचा अर्थ मात्र त्यातील सुट्या शब्दांवरून लागत नाही. ज्या घरात इंग्रजी बोलली जाते, तेथे तो सहज कानावर पडतो. ज्या घरातील पहिलीच पिढी उच्च शिक्षणाकडे वळत आहे, तेथे तो कानावर पडणार कोठून? ही तूट अभ्यासानेच भरून काढावी लागते आणि त्या कामी आपली मराठीच मोठी साहाय्यक ठरते.

मराठीशी तुलना करून इंग्रजी वाक्प्रचारांचे तीन गट पाडावेत. पहिल्या गटात दोन्ही भाषांतील कल्पना जवळपास एकच असते. ‘ॲड फ्युएल टू द फायर’ म्हणजे आगीत तेल ओतणे. दुसऱ्या गटात अर्थ एक, पण कल्पना निराळी. ‘बर्न द मिडनाइट ऑइल’ म्हणजे रात्रीचा दिवस करणे. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ म्हणजे बिंग फोडणे. तिसरा गट फसवा आहे. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे एखाद्याची थट्टा करणे; आपल्याकडे ‘पाय ओढणे’ म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतीत आडकाठी आणणे. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ म्हणजे जबाबदारी झटकून मोकळे होणे. आपण मात्र ‘हात धुऊन मागे लागणे’ असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ जवळजवळ उलट असतो. परीक्षेतील चुकीचे पर्याय अनेकदा अशा शब्दशः अर्थावर बेतलेले असतात. म्हणून या गटाची वही स्वतंत्र ठेवावी.

वाक्प्रचारामागील प्रथा किंवा स्थळ कळले, तर तो सहसा विसरत नाही. उत्तर अमेरिकेतील काही मूलनिवासी समाज तह करताना शस्त्र जमिनीत पुरत. त्यावरून ‘बरी द हॅचेट’ म्हणजे वैर संपविणे. इंग्लंडमधील न्यूकॅसल हे कोळशाच्या व्यापाराचे केंद्र होते. म्हणून ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’ म्हणजे व्यर्थ खटाटोप. रोज पाचच वाक्प्रचार घ्यावेत, प्रत्येकाचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करावा आणि आठवड्याअखेर उजळणी करावी. शेकड्यांची यादी एका बैठकीत पाठ केल्याने हे साधत नाही.

उत्तर निवडतानाही विवेक हवा. इंग्रजीच्या प्रत्येक प्रश्नाला ४ गुण असून चुकीच्या उत्तरास त्याचे एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १.३३ गुण वजा होतात. चारही पर्याय अनोळखी असताना केलेल्या अंदाजातून सरासरीने हाती काहीच लागत नाही. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर मात्र अंदाज लाभाचा ठरतो. सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे १.३३ गुण पदरी पडतात. म्हणजे अर्धवट ज्ञानालाही येथे मोल आहे. निव्वळ धाडसाला नाही.

पालकांना इंग्रजी येत नसेल, तरी त्यांनी संकोच करू नये. मुलाने अर्थ सांगावा आणि आई-वडिलांनी त्याला जुळणारा मराठी वाक्प्रचार सुचवावा, एवढ्यानेही घरी अभ्यास घडतो. माजी विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी वसतिगृहात येऊन आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मुलांसोबत तासभर सोडवाव्यात. ज्यांनी ही वाट आधी चालून पाहिली आहे, त्यांच्याकडून मागून येणाऱ्यांची एवढी अपेक्षा रास्तच आहे.