कोबा घासा, पण छाती सांभाळून

सातारा-सांगली भागात गोदाम, दुकान, यंत्रमागाची शेड किंवा मशिदीचा हॉल, काहीही बांधले तरी जमिनीची तक्रार ठरलेली. कोबा एकीकडे चढलेला, दुसरीकडे बसलेला. विट्याच्या यंत्रमागाला सपाट जमीन लागते, तासगावच्या बेदाणा गोदामात हातगाडी अडून चालत नाही आणि सफीखाली उंचवटा असला की वयस्क नमाजींचे गुडघे दुखतात. मग घासकाम करणाऱ्या कारागिराला बोलावणे जाते. आज त्याच कारागिराविषयी लिहीत आहोत.

पूर्वी मोझॅकचे पॉलिश पाण्यावर होई. कारबोरंडमचे दगड बसविलेले जड यंत्र फिरे, घासलेला माल राडा होऊन वाहून जाई. हाती ग्राइंडर आणि डायमंडची चकती आली, काम झटपट होऊ लागले. पण ते कोरडे झाले आणि धूळ थेट नाकातोंडात जाऊ लागली.

वाळू-खडीत गारगोटीचा अंश असतो. त्यालाच स्फटिक सिलिका म्हणतात. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल रुततात आणि तेथे व्रण धरतो. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. शिवाय त्याने क्षयाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1997 साली ही धूळ कर्करोगकारक ठरविली. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे दगडी चाकावर सुऱ्यांना धार लावणारे कारागीर एकोणिसाव्या शतकात याच धुळीने तरुणपणी मरत. आपल्याकडचा काळा दगड कमी गारगोटीचा आहे खरा, पण वाळू कोठली आहे हे घासताना कळत नाही. ग्रॅनाइटमध्ये तर गारगोटी भरपूर असते.

तेव्हा पहिला नियम असा की घासकामच कमी करावे. दोन-तीन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर फिरवून उंच-सखल जागा खडूने आखाव्यात. उंचवटे तेवढेच घासावेत. खळग्यासाठी सगळी जमीन खाली नेऊ नये, खळगा भरावा. त्यासाठी टाचे मारावेत, जागा स्वच्छ करून भिजवावी, सिमेंटचा घोळ लावावा आणि मग माल भरावा. अगदी पातळ थर साध्या सिमेंटचा दिल्यास पापुद्रा सुटतो. तेथे लेव्हलिंगचा तयार माल वापरावा. नवा कोबा पुरता मुरल्याशिवाय घासू नये. मोरी व वजूखान्याचा ढाळ मात्र घासून घालवू नये.

दुसरा नियम पाण्याचा. पाण्यावर चालणारे यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावे. मात्र पाणी आणि वीज यांचे वैर आहे. वायर अखंड असावी, अर्थिंग असावे आणि 30 मिलीअँपिअरचे गळती-रोधक स्विच बसवावे. साध्या हातग्राइंडरवर पाणी ओतणे म्हणजे जिवाशी खेळ. कोरडे काम करावेच लागले तर चकतीभोवती झाकण आणि त्याला बारीक गाळणीचे व्हॅक्यूम जोडावे. नंतर कोरडा झाडू मारू नये, जागा ओली करून पुसावी. चकतीवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी नसावा आणि गार्ड काढू नये. चष्मा, बूट व कानात बोळे हवेतच. सिमेंटचा राडा हातापायाची कातडी जाळतो, तोही लगेच धुवावा.

मास्कबाबत आपल्या बांधवांनी विशेष ध्यान द्यावे. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. एन-95 किंवा एफएफपी-2 दर्जाचा मास्क लागतो. पण दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि धूळ कडेने आत जाते. दाढी सोडावी असे आम्ही कसे म्हणू? म्हणूनच दाढीवाल्या कारागिराने पाणी आणि व्हॅक्यूम यांवर अधिक भिस्त ठेवावी. उंट बांधून मग तवक्कुल करावे, हे आपण जाणतोच.

कामाचे कपडे तेथेच बदलावेत, नाहीतर धूळ मुलाबाळांपर्यंत पोचते. विडी-सिगारेट सोडावी. दीर्घ खोकला किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा. एरवी क्षय समजून उपचार चालू राहतात आणि मूळ कारण तसेच राहते. वर्षात 90 दिवस बांधकामावर राबणारे 18 ते 60 वयाचे कामगार राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतात. ती जरूर करावी.

शेवटी ठेकेदार व दुकानमालकांना विनंती. पाणी, व्हॅक्यूम आणि मास्कचा खर्च दरपत्रकात वेगळा लिहा आणि घासाघीस करताना तो कापू नका. कारागिराचे शरीर ही अमानत आहे. दोन दिवसांच्या घाईसाठी तिच्यात खयानत करण्याचा हक्क आपल्यापैकी कोणालाही नाही.