पहिली नोकरी (भाग ४) : ‘अनुभव’ या रकान्यात काय लिहायचं?

मागच्या आठवड्यात आपण शिक्षणाचा भाग लिहून संपवला. पुढचा रकाना ‘अनुभव’, आणि पोरं अडतात ती इथेच. ऐरोली, महापे, बेलापूरच्या ऑफिसांसाठी पहिला रेझ्युमे लिहिणारा मुलगा इथे ‘फ्रेशर’ एवढंच लिहितो आणि मोकळी जागा भरायला सीनियरचं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ जसंच्या तसं उतरवतो. मेहनती, प्रामाणिक, मिळून-मिसळून काम करणारा. हे शब्द सगळ्यांच्याच कागदावर असतात, म्हणून ते कुणाचीच ओळख देत नाहीत.

कोपरखैरण्यात राहणारा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. वडील वाशीच्या एपीएमसीत, फळ मार्केटमधल्या गाळ्यावर. एप्रिल-मेमध्ये हापूसची आवक वाढली की हाही पहाटे गाळ्यावर. कोकणातून आलेल्या पेट्या मोजून घ्यायच्या, कुणाच्या किती आल्या, किती डागी निघाल्या ते वहीत टिपायचं. माल विकला गेला की शेतकऱ्याची पट्टी करायची, म्हणजे विक्रीतून हमाली, गाडीभाडं वजा जाता त्याच्या हाती किती येणार त्याचा हिशेब. दोन मोसम त्याने हे केलंय आणि रेझ्युमेत त्यातलं अक्षर नाही. विचारलं तर म्हणेल, “ते घरचं काम. त्याचा पगार कुठे होता?”

पगार नसला तरी काम काम असतं. न्हावा-शेव्याच्या बंदराभोवतीच्या गोदामांचा अख्खा दिवस आलेला माल, गेलेला माल आणि त्याची कागदपत्रं यातच जातो. तेव्हा सरळ लिहा : ‘एप्रिल-मे २०२४ आणि २०२५, फळ मार्केट, वाशी. आंब्याच्या आवकेची नोंद ठेवली, शेतकऱ्यांच्या पट्ट्या तयार केल्या.’ रोज साधारण किती पेट्या, तो आकडाही द्या. आठवत नसेल तर वही उघडा, पण फुगवू नका. मुलाखतीत नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं.

आधी मराठीत लिहा, इंग्रजी नंतर. उलट केलंत की उसनी विशेषणं परत येतात.

मुलींचं तर मला फार वाईट वाटतं. आईच्या डब्यांचा सगळा हिशेब सांभाळणारी मुलगी ते काम मोजतच नाही. एनएसएसचंही तेच. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, एवढं सगळं ‘व्हॉलंटियर’ या एका शब्दात संपतं. शिबिरात शिध्याचा हिशेब कुणाकडे होता? तुमच्याकडे असेल तर लिहा.

धर्म, जात, वैवाहिक स्थिती हे लग्नाच्या बायोडाटातलं सामान. खासगी नोकरीच्या अर्जात ते नको. एक पान पुरे.

आणि खरंच काही हाताशी नसेल, तर शिकाऊ उमेदवारीचा विचार करा. १९६१च्या कायद्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, त्यांना विद्यावेतनही मिळतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा कंपन्या भरपूर आहेत.

पुढच्या आठवड्यात अर्जासोबतचं पत्र. तोवर गेल्या तीन वर्षांत तुम्ही केलेली सगळी कामं, पगाराची आणि बिनपगाराची, वहीत एकाखाली एक लिहून काढा.